गुरुजींना चहा नको, एक लिंबू जास्त

माझी पूजेच्या सामानाची यादी तीस वर्षं बदलली नव्हती. हळद-कुंकू, अबीर-गुलाल, विड्याची पानं पंचवीस, सुपाऱ्या, खारका, नारळ दोन, पंचामृत, तुळस. २०२४च्या आषाढात तिच्या तळाशी एक ओळ वाढली: 'गुरुजींना चहा नको, एक लिंबू जास्त.' हल्ली यजमान यादी मोबाइलवर मागवतात, त्यात ही ओळही जाते. परवा विजय नगरच्या एका सुनेने विचारलं, "गुरुजी, हे लिंबू कलशावर ठेवायचं की चौरंगावर?"

ते लिंबू माझं. पेल्यात पिळायचं.

मी इंदूरचा भिक्षुक, वय सत्तावन्न. रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, असा स्कूटरवर फिरतो. ज्या माणसाला दिवसात सहा घरी 'बसा गुरुजी, चहा टाकते' ऐकावं लागतं, त्याने चहा कसा सोडला, हे लोक विचारतात. तेव्हा काय केलं आणि काय फसलं, दोन्ही लिहून ठेवतो.

आधी रक्त

त्या वर्षी उन्हाळ्यात मला मंत्रपुष्पांजली पुरेना. 'समन्तपर्यायी स्यात्'पासून 'एकराळिति'पर्यंत एका श्वासात जाणारा मी, मध्येच दम घ्यायला थांबू लागलो. दोन मजले चढलो की कानात ठोके ऐकू यायचे. मला वाटलं, वय. सौ. म्हणाली, "वय आमचंही झालंय, आम्ही नाही धापा टाकत." रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.८. पुरुषाचं निदान १३ तरी हवं. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ५.७च्या आत असती तर ठीक म्हणाले असते, ६.५ला थेट मधुमेह.

इथे पहिली सूचना, आणि हिच्यात सवलत नाही. रक्त कमी निघालं म्हणून लगेच चहाला दोष देऊन घरगुती उपाय सुरू करू नका. डॉक्टरीणबाईंनी मला आधी चहाचं विचारलंच नाही. म्हणाल्या, या वयाच्या पुरुषाचं रक्त कमी होतं तेव्हा ते कुठून जातंय का ते आधी बघायचं. शौचाची तपासणी झाली, पोटात दुर्बीण घालून झाली. जखम निघाली नाही, जठराला सूज होती. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तळाला गेलेलं. हे सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "चहा किती?"

"चार-पाच," मी म्हणालो. मला ते खरंच वाटत होतं.

मग त्यांनी कागदावर समजावलं. मांसाहारी माणसाला मांसातून मिळणारं लोह शरीर सहज घेतं. आपलं डाळ-भाजीतलं लोह मुळातच नाजूक. त्यात जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा पडला, की चहातली तुरट द्रव्यं त्या लोहाला धरून बसतात आणि ते आतड्यातून आत जातच नाही. निम्म्याहून जास्त लोह असं वाया जाऊ शकतं. आपला दाणेदार चहा, सीटीसी म्हणतात तो, पानं चिरडून-फाडून-वळवून केलेला असतो, म्हणून झटकन उतरतो. त्यात आपण तो उकळ-उकळ उकळतो. जितका कडक, तितका तुरटपणा जास्त. त्याच चहात लिंबू पिळलं तर? असं मी विचारलं, कारण भटाला पळवाट लगेच सुचते. लिंबाने, आवळ्याने लोह आत जायला मदत होते हे खरं, पण त्या म्हणाल्या, "लिंबू ठेवा. चहा काढा."

माझ्या जेवणात कांदा-लसूण नाही, मांस-मासळी तर नाहीच. सकाळी पोहे आणि त्यावर चहा. दुपारी यजमानांकडे पुरणपोळी आणि त्यावर चहा. म्हणजे माझं लोह दिवसातून दोनदा ताटात येत होतं आणि दोन्ही वेळा कपात बुडत होतं.

गोळ्या सुरू झाल्या. हे स्पष्ट सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल गुरुजींनी चहा सोडला आणि रक्त वाढलं. रक्त गोळ्यांनी वाढवलं. चहा सोडल्याने एवढंच झालं, की गोळी वाया गेली नाही. (गोळी चहाबरोबर नाही, दुधाबरोबर नाही, कॅल्शियमच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळीबरोबरही नाही. शौचाला काळं होतं, घाबरू नका. मी घाबरलो होतो.)

पंचांगाच्या समासात रेघा

दुसरं काम मोजणीचं. सोडायचं आठवडाभर नावही काढू नका. जसा पिता तसा प्या, फक्त प्रत्येक कपाला एक रेघ मारा. मी पंचांगाच्या समासात मारल्या. मागितलेल्या चहाला उभी, न मागता आलेल्याला आडवी. ही उभी-आडवीची कल्पना माझी, आणि तिच्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

आठवड्याअखेर हिशेब केला. रोजचे अकरा कप. उभ्या रेघा तीन: पहाटे स्नानानंतर, सकाळी पोह्यांवर, दुपारी घरी आल्यावर. आडव्या आठ. एका घरी पूजेआधी आणि पूजेनंतर, असे दोन-दोन. ज्यांच्याकडे पूजा नाही, नुसता मुहूर्त विचारायला गेलो, त्यांच्याकडे एक. रस्त्यात भेटलेल्या माणसाने 'एक कट तर घ्या' म्हणून थांबवलं तो एक. इंदूरच्या टपरीवर कट म्हणजे अर्धा, पण दोन अर्धे मिळून एक होतो हे गणित टपरीवर कोणी करत नाही.

साखरही मोजली. कपाला दोन चमचे, चमचा चार ग्रॅमचा धरला तरी अकरा कपांचे ८८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये सांगितलेली वरची मर्यादा साधारण माणसाला दिवसाला ५० ग्रॅम आहे, आणि २५च्या आत राहिलात तर जास्त बरं, असंही तिथेच म्हटलंय. पेढे, शिरा, मोदक, पुरण यांतली साखर मी धरलीच नव्हती. भिक्षुकाने ती धरू नये, झोप लागत नाही.

पहाटेचा कप शेवटी सोडा

बहुतेक लोक इथे चुकतात, मीही चुकलो होतो. उत्साहाच्या भरात सकाळचा पहिला चहा बंद करतात. तो कप सगळ्यात जवळचा. तो तोडला की दिवसभर डोकं त्याच्याभोवती फिरतं आणि दुपारी कोणाच्या तरी ओसरीवर दोन कप आत जातात.

माझा पहिला प्रयत्न मे महिन्यातला. एका एकादशीला ठरवलं, आजपासून एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी नारायणबागेत सत्यनारायण होता. डोकं असं ठणकत होतं की पोथीची अक्षरं हलत होती. तिसरा अध्याय संपवला, पान उलटलं आणि थेट पाचव्यात तुंगध्वज राजाची गोष्ट सुरू केली. समोर बसलेल्या नव्वदीच्या आजी म्हणाल्या, "गुरुजी, अजून नाव बुडायची आहे!" साधुवाण्याचा जावई नावेसकट गडप व्हायचा होता, ती कलावती प्रसाद टाकून धावायची होती. मी चौथा अध्यायच खाऊन टाकला होता. मागे फिरलो, नाव बुडवली, वर काढली, आणि आरती झाल्यावर आजींनी स्वतः पाठवलेला चहा गुपचूप प्यायलो. दहा मिनिटांत डोकं उतरलं.

कारण साधं आहे. शरीराला रोजच्या कॅफिनची सवय झालेली असते. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, एक-दोन दिवसांत त्रास टोकाला जातो आणि साधारण आठवडाभरात, क्वचित नऊ दिवसांत, ओसरतो. झोप येते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. अकरावरून एकदम शून्यावर आलं की हे सगळं एकत्र अंगावर येतं. म्हणून पायरीपायरीने उतरायचं.

दुसऱ्या वेळी मी असं केलं. पहिला आठवडा फक्त आडव्या रेघा कमी. आठाच्या चार. ते चहा मला नकोच होते, त्यामुळे त्रास जवळपास नाही. त्रास होता तो नाही म्हणण्याचा, त्यावर पुढे येतो. दुसऱ्या आठवड्यात आडव्या सगळ्या बंद आणि पोह्यांवरचा उभा एक बंद. तिसऱ्या आठवड्यात उरलेले दोन कप अर्धे केले. शेवटी पहाटेचा अर्धा तेवढा राहिला, आणि तो शनिवार, १३ जुलैला प्यायलो. आषाढी एकादशी बुधवारी, १७ला होती. मधले तीन दिवस मुद्दाम ठेवले. एकादशीच्या उपाशी पोटी डोकेदुखीचा कळस नको होता, आणि त्या तीन दिवसांत एकही पूजा घेतली नाही.

साखरेचं वेगळं. चहा आणि साखर एकाच आठवड्यात कमी करायला सुरुवात करू नका, दोन्ही हातांनी एकदम भांडता येत नाही. मी पहिल्या आठवड्यात साखरेला हात लावला नाही. दुसऱ्यात एक चमचा, तिसऱ्यात अर्धा. फिका चहा सोडायला सोपा जातो, हा त्यातला फायदा.

डोकं दुखलं तरी उपाशी पोटी दुखण्याची गोळी घेऊ नका. जठराला सूज असेल, रक्त कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. आणि गोळीचं वेष्टन वाचा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिनच असतं. समोरच्या दाराने घालवायचं आणि मागच्या दाराने घ्यायचं. मी रविवारी दुपारी झोपलो, सोमवारी घरातल्या सगळ्यांवर ओरडलो, मंगळवारी त्यांची क्षमा मागितली.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. सकाळी पोट साफ होणं आपल्याकडे कित्येकांचं चहावर अवलंबून असतं. चहा बंद, वर लोहाच्या गोळ्या, त्यांनीही पोट बांधतं. पहिला आठवडा पंचाईत झाली. पहाटे दोन पेले कोमट पाणी, अर्धा तास चालणं आणि रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, यांनी गाडी रुळावर आली.

नाही म्हणायची रीत

आता खरा अवघड भाग. इंदुरात चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. 'चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो' हे वाक्य मला त्या तीन आठवड्यांत निदान वीस जणांनी ऐकवलं, प्रत्येकाने आत्ताच सुचल्यासारखं.

मी आधी म्हणायचो, "चहा सोडलाय." लगेच चर्चा. का सोडला, कधी सोडला, आमच्या दिरांनी सोडला होता त्यांना चक्कर येऊ लागली, एक घोट घ्या, बिनसाखरेचा करते, गुळाचा करते, कॉफी चालेल ना? कॉफीही नको म्हटलं की ग्रीन टी. आणि त्या चर्चेत पंधरा मिनिटं जायची, मुहूर्त टळायचा.

मग म्हणू लागलो, "डॉक्टरांनी नको सांगितलंय." हे त्याहून वाईट. रामबागेत बातमी पसरली की गुरुजींची तब्येत ठीक नाही. दोन घरच्या पूजा, दया म्हणून, दुसऱ्या गुरुजींकडे गेल्या. एक काकू भेटायला फळं घेऊन आल्या.

शेवटी घरचंच शस्त्र काढलं: "चातुर्मासात चहा सोडलाय." वाद मिटला. चातुर्मासात एखादी वस्तू सोडायची आपल्याकडे रीतच आहे. आषाढी एकादशीला सोडायची, कार्तिकीला ती वस्तू दान देऊन उद्यापन करायचं. कोणी वांगं सोडतं, कोणी मीठ. (माझी मावशी काशीला जाऊन पडवळ सोडून आली. काशीला आवडती वस्तू सोडायची असते. पडवळ तिला जन्मात आवडलं नव्हतं, पण विश्वनाथाने चौकशी केली नाही.) व्रताला कोणी 'एक घोट घ्या' म्हणत नाही. एका आजींनी तर मला नमस्कार केला. खजुरी बाजारातले पुस्तकवाले जैन, त्यांनी "पंडितजी, चाय तो पीनी पड़ेगी" म्हणून पोऱ्याला हाक मारलीच होती, मी म्हणालो, "चौमासे में छोड़ रखी है।" ते म्हणाले, "अच्छा, फिर तो नहीं पिलाऊँगा भिया." त्यांच्या घरी चौमासा आमच्याहून कडक.

तुम्ही व्रतं मानत नसाल तरी यातली युक्ती उचला. 'कायमचा सोडला' म्हणालात की ऐकणाऱ्याला तुम्हाला परत आणावंसं वाटतं. 'दिवाळीपर्यंत नाही' म्हणालात की तो दिवाळीपर्यंत थांबतो. स्वतःलाही तेच सोपं जातं. मला आयुष्यभराचा चहा सोडता आला नसता. चार महिन्यांचा आला.

पण नुसतं नाही म्हणून भागत नाही. घरची बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी असते, तिला तुमच्यासाठी काहीतरी करायचं असतं. तिला रिकाम्या हाताने परत पाठवलं की ती पुन्हा येते, आणि येताना दूध तापवूनच येते. म्हणून नकारासोबत मागणी हवी. ती अशी, जी प्रत्येक घरात असते आणि चहापेक्षा कमी कष्टाची. "वहिनी, चहा नको, फुलपात्रभर गरम पाणी आणि लिंबाची फोड मिळेल का?" चेहरा लगेच मोकळा होतो. चहाला दूध, साखर, आलं, गाळणी लागते. मी तिचं काम वाचवलेलं असतं आणि तरी तिच्या हातचं प्यायलेलो असतो.

वेळ साधा. हे वाक्य दारात, चपला काढतानाच म्हणायचं. आत जाऊन बसलात, घाम पुसलात, तेवढ्यात गॅस पेटतो. पातेल्यात पाणी पडल्यावर तुम्ही हरलात. मी तर त्याच्याही आधी गाठतो, सामानाच्या यादीतच.

हिंदी भाषक यजमानांकडे पूजेनंतर कधी केशर-दूध येतं, कधी शिकंजी. बाहेरगावच्यांना सांगतो, आमची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नाही, आटवलेल्या दुधाची, सुकामेव्याची, चमच्याने खावी अशी असते. चहा सोडलेल्या माणसाला लोक ती भरपाई म्हणून देतात. साखरेच्या हिशेबात एका पेल्यात तीन चहा फिटतात. मी दोन चमचे चाखतो आणि नातवंडांसाठी मागून घेतो.

मग प्यायचं काय

गुळाचा चहा हा चहाच आहे. गुळात लोह असतं म्हणतात, असतं थोडंसं, पण साखरेचं काम तो साखरेसारखंच करतो आणि चहापत्ती तीच. ग्रीन टी हाही चहाच, तुरटपणा आणि कॅफिन त्यातही आहे. कॉफीत कॅफिन चहाहून जास्त आणि लोहाला तीही अडवते.

मी पहाटे गवती चहा पितो. नावात चहा आहे, पण ते गवत आहे. तीन पाती कात्रीने कापून, अंगठ्याच्या नखाएवढं आलं ठेचून, दीड कप पाण्यात पाच मिनिटं. साखर नाही. पातेलं तेच, गाळणी तीच, कपबशी तीच. मी चहा बशीत ओतून भुरका मारणारा माणूस, तो भुरका सोडला नाही. लोक म्हणतात सवय जिभेची असते. माझी अर्धी बशीची निघाली.

दुपारच्याला धने, जिरे, बडीशेप प्रत्येकी अर्धा चमचा, दोन कप पाण्याचं दीड होईपर्यंत उकळून, चिमूटभर सैंधव. उन्हाळ्यात ताक, कैरीचं पन्हं (गूळ बेताने). लिंबाचं पाणी अनशेपोटी मला जळजळ करतं, म्हणून रिकाम्या पोटी नुसतं गरम पाणी; लिंबू खाल्ल्यावर. जेवताना तर लिंबाची फोड हवीच, वरणावर, पोह्यांवर. इंदूरच्या पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला पडतो, लिंबू पिळायचं असतंच. एवढं करून वर कपभर चहा ओतायचा नाही, निदान तासभर. हा एक नियम ज्यांना चहा सोडायचा नाही त्यांनीही पाळावा: खाण्याच्या आधी एक तास, नंतर एक तास चहा नको.

ताटातही थोडं बदललं. लोखंडी कढई माळ्यावरून उतरली, टोमॅटोची आमटी तिच्यात होते, आंबटाने कढईतलं लोह उतरतं. हळिवाचे लाडू पूर्वी बाळंतिणीसाठी व्हायचे, आता माझ्यासाठी होतात. राजगिरा, मसूर, चवळी, काळे तीळ. याबद्दल सौ.ला विचारा, मी फक्त खातो.

ती स्वतः चहा पिते. तिला सोडायला सांगू नका. मी एकदा सुचवलं होतं.

गणपती, झाँक्या आणि दोन घोट

७ सप्टेंबरला गणपती बसले. त्या दिवशी मी एकोणीस घरी प्राणप्रतिष्ठा केली. आदल्या वर्षी त्या एका दिवसात सतरा कप झाले होते. या खेपेला यादीतल्या ओळीमुळे बारा घरी लिंबूपाणी तयार होतं, पाच घरी आठवण करावी लागली, दोन घरी चहा पुढे आला तो यजमानांच्या भावाला दिला. रात्री घसा चांगला होता, एवढं नक्की.

अनंत चतुर्दशीला मात्र घसरलो. १७ सप्टेंबर. त्या रात्री इंदूर झोपत नाही. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, सगळ्या गिरण्या बंद पडल्या, हुकुमचंद तर १९९१मध्येच. पण त्यांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात, रोषणाईच्या, आखाड्यांसह, पहाटेपर्यंत. माझे वडील मला खांद्यावर बसवून दाखवायचे. रात्री दोनला जेल रोडवर उभा होतो, एका जुन्या यजमानाने मागून हातात कट दिला. आल्याचा. मी दोन घोट प्यायलो तेव्हा लक्षात आलं की मी पितोय.

अशा वेळी काय करायचं, तर उरलेला कप द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गवती चहा करायचा. बस. 'मोडलंच आहे तर आज पिऊन घेऊ, उद्यापासून पुन्हा' हा विचार कपापेक्षा घातक. आपल्या संकल्पात 'यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः' असं म्हणतो. जसं जमेल तसं, जे मिळेल त्याने. देवाला जे चालतं ते पंचांगातल्या रेघेला चालायला हरकत नाही. मी त्या रात्रीची अर्धी रेघ मारली आणि मोजणी पुढे चालू ठेवली. पुढच्या दिवसापासून पितृपक्ष होता. श्राद्धाच्या जेवणानंतर चहा येतोच येतो, पण तिथे नकार सोपा. श्राद्धाच्या घरी कोणी आग्रहाचा वाद घालत नाही.

ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन ११.२ झालं होतं. नोव्हेंबरात १२.९. साखर ६.१ची ५.८. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त भरलं तरी साठा भरायला वेळ लागतो, गोळ्या आणखी तीन महिने. मंत्रपुष्पांजली 'एकराळिति'पर्यंत जाते, शेवटी जरा घाई होते.

उद्यापन

१२ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी. सोडलेली वस्तू ब्राह्मणाला दान द्यायची, आता ब्राह्मण मीच. म्हणून हाताखाली शिकणाऱ्या मुलाला अर्धा किलो चहा आणि किलोभर साखर दिली. तो म्हणाला, "गुरुजी, मी कॉफी पितो." आईला दे म्हटलं.

द्वादशीला सौ.ने विचारलं, "करू?" मला वाटलं होतं, चार महिन्यांनी चव उतरलेली असेल, गोड लागेल, नकोसा वाटेल. लोक असंच सांगतात. तसं काही झालं नाही. मला तो आवडला. फार आवडला. म्हणून तुम्हाला सांगतो, आवड जाईल या भरवशावर राहू नका, ती बसून असते.

डॉक्टरांना विचारून मी एक कप परत घेतला. तो कोणता, हे उभ्या रेघांवरून ठरवलं. पोह्यांवरचा नको, तो लोहाच्या वाटेत येतो. पहाटेची जागा गवती चहाने घेतलीय. राहिला दुपारचा. जेवण साडेबाराला, चहा साडेचारला. त्यापेक्षा उशिरा नाही, कारण कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं आणि मला चारला उठायचं असतं. अर्धा चमचा साखर, घरचा, बशीत. बाहेर कुठेही नाही, चातुर्मास असो वा नसो. यादीतली ओळ तशीच आहे.

रविवारी मुलगी येते, तिला यायला उशीर होतो, तेव्हा पाच वाजतात.